झुरळांची गोडाची निवड आणि भनपुरीतील स्वयंपाकघरे

झुरळ काहीही खाते, हा समज अर्धाच खरा आहे. उपाशी झुरळ पुस्तकाच्या बांधणीतला डिंक, साबणाची वडी, गळलेले केस, इतकेच काय मेलेले दुसरे झुरळही कुरतडते. पण समोर दोन-चार गोष्टी असल्या की ते निवड करते आणि ही निवड बहुतेक वेळा पिष्टमय व गोड पदार्थांकडे झुकते. भात, पोळीचे तुकडे, बिस्किटाचा चुरा, गूळ, सरबताचे ओघळ हे त्याचे पहिल्या पसंतीचे खाणे. झुरळांसाठी विकल्या जाणाऱ्या विषारी आमिषांत गोड घटक असतो तो याच कारणाने. मात्र ही गोडाची ओढ कायमची नसते. विषाच्या सततच्या माऱ्यामुळे झुरळांच्या काही वंशांत ती उलटी फिरली आहे, आणि घरात विषारी आमिषाचे जेल लावूनही झुरळे कमी का होत नाहीत या प्रश्नाचे एक उत्तर तिथे सापडते.

भनपुरी ही रायपूरच्या उत्तरेची, बिलासपूर रस्त्यालगतची औद्योगिक वस्ती. उरला आणि बीरगाव तिच्या शेजारी आहेत. कारखान्यांची उपाहारगृहे, ट्रकचालकांसाठीचे ढाबे, धान्याची गोदामे आणि भाड्याच्या खोल्यांची बिऱ्हाडे एकमेकांना लागून असली की झुरळांना अन्न, ऊब आणि पाणी या तिन्ही गोष्टी वर्षभर मिळतात. अशा ठिकाणी दोन जातींची झुरळे वेगळी ओळखणे हे पहिले काम, कारण दोघांचे खाणे आणि राहणे वेगळे आहे आणि त्यांच्यावरचे उपायही वेगळे आहेत.

पहिले लहान, फिकट तपकिरी, एक ते दीड सेंटिमीटर लांबीचे. डोक्यामागच्या ढालीवर दोन काळसर समांतर रेघा असतात. याला जर्मन झुरळ म्हणतात, शास्त्रीय नाव ब्लाटेला जर्मानिका. लिनियसने १७६७ मध्ये हे नाव दिले, पण जर्मनीशी त्याच्या उगमाचा संबंध नाही. जगभरातील नमुन्यांच्या जनुकीय तुलनेवर आधारलेला एक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार ही जात सुमारे २,१०० वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या परिसरात, रानात राहणाऱ्या आशियाई झुरळापासून वेगळी झाली. माणसाच्या शेतीवस्तीला ती चिकटली, आणि पुढे व्यापार व लष्करी हालचालींबरोबर आधी पश्चिमेकडे, नंतर जगभर गेली. आज ती माणसाच्या इमारतींबाहेर जवळजवळ आढळतच नाही. ओट्याखाली, मिक्सरच्या बुडाशी, फ्रिजच्या मोटरीजवळ आणि ट्रॉलीच्या बिजागऱ्यांत दिसते ते हेच.

दुसरे मोठे, लालसर तपकिरी, साडेतीन-चार सेंटिमीटर किंवा त्याहूनही लांब. हे अमेरिकन झुरळ, पेरिप्लॅनेटा अमेरिकाना. अकरावीच्या जीवशास्त्रात शिकवले जाते ते हे. त्याचे मूळ आफ्रिकेत आहे. ते गटारात, चेंबरमध्ये, संडासाच्या टाकीभोवती राहते आणि पावसाळ्यात गटारे तुंबली की मोरीच्या जाळीतून घरात शिरते. आंबलेल्या पदार्थांचा वास त्याला विशेष ओढतो. घरात कधीतरी एखादे मोठे झुरळ दिसणे हा गटाराच्या झाकणाचा प्रश्न असतो. लहान झुरळांची पिल्ले दिसू लागली, तर ती घरातच वाढत आहेत हे नक्की.

झुरळ अन्न शोधते ते वासावर आणि स्वीकारते किंवा नाकारते ते चवीवर. लांब मिशांनी म्हणजे स्पर्शिकांनी वास आणि हवेतला ओलावा कळतो. तोंडाशी असलेल्या आखूड, सांधेदार उपांगांवर आणि ओठांच्या आतल्या भागांवर चवीचे बारीक केस असतात. प्रत्येक केसाच्या आत वेगवेगळ्या चेतापेशी असतात. एक गोडाला प्रतिसाद देते, दुसरी कडू आणि अपायकारक पदार्थांना. गोडाची पेशी पेटली की झुरळ खात राहते, कडूची पेटली की तोंड मागे घेते. नेहमीच्या झुरळाला ग्लुकोज, फ्रुक्टोज, आपली साखर म्हणजे सुक्रोज, आणि पिष्ट फुटून तयार होणारी माल्टोज, या सगळ्या शर्करा खायला उद्युक्त करतात.

चवीला स्मरणाचीही जोड असते. जपानमधील वातानाबे आणि मिझुनामी यांनी २००७ मध्ये दाखवून दिले की एखादा वास वारंवार साखरेबरोबर दिला तर अमेरिकन झुरळाला नुसत्या त्या वासानेही लाळ सुटते. पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांचा प्रसिद्ध प्रयोग शाळेत शिकलेल्यांना यातले साम्य लगेच जाणवेल. रोज रात्री ज्या कोपऱ्यात खरकटे मिळते तिथे झुरळे पुन्हा पुन्हा येतात, त्यामागे अशी शिकण्याची ताकद आहे.

केवळ साखरेवर मात्र झुरळाचे भागत नाही. प्रथिने आणि कर्बोदके वेगवेगळी ठेवून निवड करू दिली तर झुरळे दोन्ही खातात आणि कर्बोदकांचा वाटा प्रथिनांच्या कितीतरी पट ठेवतात. एका गोष्टीचा तुटवडा झाला की पुढच्या जेवणात ती जास्त घेऊन तोल सावरतात. प्रथिनांची टंचाई सोसण्याची त्यांची आणखी एक सोय आहे. शरीरातल्या मेदपेशींमध्ये राहणारे ब्लाटाबॅक्टेरियम नावाचे जिवाणू साठवलेल्या युरिक आम्लातील नायट्रोजन पुन्हा वापरात आणतात आणि त्यापासून अमिनो आम्ले बनवतात. भात आणि साखर यांच्यावर चालणाऱ्या स्वयंपाकघरातही झुरळांची वाढ खुंटत नाही, त्याला या जिवाणूंचा मोठा हातभार आहे.

खाण्याची वेळ रात्रीची. दिवे मालवल्यावर काही वेळाने झुरळे बाहेर पडतात. लहान झुरळ लपण्याच्या जागेपासून फार दूर जात नाही, जवळ मिळेल ते खाऊन परत फटीत शिरते. अंडी तयार होत असताना मादी भरपूर खाते. अंड्यांची डबी पोटाच्या टोकाला घेऊन फिरू लागली की तिचे खाणे आणि बाहेर पडणे दोन्ही कमी होते. या डबीत साधारण ३० ते ४० अंडी असतात, आणि पिल्ले बाहेर येण्याच्या बेतात असेपर्यंत मादी ती सोडत नाही. नुकतीच बाहेर आलेली पिल्ले तर फटीतून जवळपास हलतच नाहीत. मोठ्यांची विष्ठा हेच त्यांचे सुरुवातीचे खाणे. उबदार घरात अंड्यापासून प्रौढ झुरळापर्यंतचा प्रवास साधारण दोन महिन्यांत पुरा होतो. एका आठवड्याच्या मोहिमेने झुरळे संपत नाहीत, कारण त्या आठवड्यात कितीतरी माद्या आणि पिल्ले आमिषापर्यंत पोचलेलीच नसतात.

गोडाच्या ओढीचे हे उलटे फिरणे सर्वप्रथम अमेरिकेत लक्षात आले. १९८० च्या दशकात तिथे हायड्रामेथिलनॉन हे विष मक्याच्या गोड पाकात घालून झुरळांसाठी आमिषे बनवली जात. सुरुवातीला ती उत्तम चालली. मग काही ठिकाणी झुरळे आमिषाजवळ येऊन न खाताच परत जाऊ लागली. ज्यूल्स सिल्व्हरमन या कीटकशास्त्रज्ञाने फ्लोरिडातील एका घरातून आणलेल्या झुरळांना आमिषातला एकेक घटक वेगळा देऊन पाहिला. झुरळे विषाला टाळत नव्हती, ती ग्लुकोज टाळत होती. १९९३ मध्ये त्याने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ही नावड शिकलेली नव्हती. ती अंड्यातूनच येत होती आणि एका मुख्य जनुकामुळे पुढच्या पिढीत उतरत होती. ग्लुकोज नाकारणारी झुरळे आमिषातून वाचली, त्यांचीच पिल्ले वाढली आणि काही वर्षांत त्या घरांतली झुरळेच बदलली. फ्रुक्टोज मात्र ती आनंदाने खात होती, म्हणून आमिषांत ग्लुकोजऐवजी फ्रुक्टोज वापरण्याचा मार्ग निघाला.

हे घडते कसे याचा उलगडा २० वर्षांनी झाला. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातील आयाको वाडा-कात्सुमाता, सिल्व्हरमन आणि कोबी शाल यांनी २०१३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात दाखवले की अशा झुरळांत ग्लुकोज गोडाच्या पेशीबरोबर कडूची पेशीही पेटवते. कडूचा इशारा वरचढ ठरतो आणि झुरळ तोंड फिरवते. त्याच गटाने २०२१ मध्ये आणखी एक महत्त्वाची गोष्ट पुढे आणली. ही झुरळे माल्टोजसारख्या जोड-शर्करा खायला सुरुवात करतात, पण काही सेकंदांतच थांबतात. त्यांच्या लाळेतली विकरे जोड-शर्करा तोंडातच फोडतात, ग्लुकोज सुटते आणि चव कडू होते. मधुमेहात दिले जाणारे अकार्बोज हे औषध लाळेतल्या या विकरांना रोखते. प्रयोगात ते मिसळले तेव्हा ग्लुकोज सुटले नाही आणि झुरळे खात राहिली.

या नावडीची किंमतही झुरळांना मोजावी लागली. नर झुरळ मादीला जवळ आणताना पंख वर करून पाठीवरच्या ग्रंथींमधला गोड स्राव चाटायला देतो आणि ती चाटत असतानाच मीलन साधतो. या स्रावात माल्टोज आणि माल्टोट्रायोज असतात. ग्लुकोज नाकारणाऱ्या मादीच्या लाळेने त्यांचे ग्लुकोज होते आणि ती अर्ध्यातच निघून जाते. २०२२ च्या संशोधनात दिसले की अशा वंशातील नरांनी यावरही तोड काढली आहे. त्यांच्या स्रावात फुटायला वेळ घेणारी माल्टोट्रायोज जास्त असते आणि मीलनाला ते कमी वेळ लावतात. गोडाची चव बदलल्याने एवढी उलथापालथ झाली, तरी तो वंश टिकून आहे. झुरळांवर एकच उपाय वर्षानुवर्षे चालेल असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

नावड ग्लुकोजपुरतीच राहते असेही नाही. अमेरिकेतील सिनसिनाटी शहरातून गोळा केलेल्या एका वंशाने जेलमधील फ्रुक्टोज, सुक्रोज, माल्टोज आणि अगर यांसारखे निरुपद्रवी घटकही नाकारल्याचे पर्ड्यू विद्यापीठातील संशोधकांनी २००४ मध्ये नोंदवले. शिवाय ग्लुकोज नाकारणारी झुरळे आमिषाचा वास ध्यानात ठेवून पुढच्या वेळी लांबूनच वळतात, असेही प्रयोगांत दिसले आहे. विषालाच सरावण्याचा प्रश्न वेगळा. २०१९ मध्ये पर्ड्यूच्याच मायकेल शार्फ, अमेय गोंधळेकर आणि सहकाऱ्यांनी दाखवले की वाचलेल्या झुरळांच्या पुढच्या पिढीत प्रतिकारशक्ती चार ते सहा पट वाढू शकते, तीही त्या पिढीने कधी न पाहिलेल्या विषांविरुद्ध.

घरी जेल वापरणाऱ्याला यातून काढता येणारा नियम सोपा आहे. जेल ठिपक्यांनी लावतात; लावल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्या ठिपक्यांकडे बघावे. ठिपके कुरतडलेले दिसले आणि मेलेली झुरळे आढळली, तर जेल चालते आहे. ठिपके जसेच्या तसे आहेत पण झुरळे मात्र फिरत आहेत, तर ती जेल नाकारत आहेत, आणि तेच आणखी लावण्यात पैसे वाया जातात. ठिपके खाल्ले जातात पण झुरळे मरत नाहीत, तर विष निकामी झाले आहे. पहिल्या अडचणीत वेगळ्या कंपनीचे, म्हणजे वेगळ्या पायाचे आणि वेगळ्या वासाचे जेल घ्यावे. दुसऱ्या अडचणीत डबीवरचे विषाचे नाव वाचून ते बदलावे. भारतात मिळणाऱ्या जेलमध्ये सहसा इमिडाक्लोप्रिड, फिप्रोनिल किंवा इंडॉक्साकार्ब यांपैकी एखादे विष असते. कंपनी बदलली पण आतले विष तेच राहिले, तर दुसऱ्या अडचणीवर काहीच उपाय झालेला नसतो. दुकानदार बहुतेक वेळा नुसते ब्रँडचे नाव सांगतो, म्हणून मागची बारीक अक्षरे स्वतः वाचलेली बरी.

कोणत्याही आमिषाला घरातल्या बाकीच्या अन्नाशी स्पर्धा करावी लागते, आणि छत्तीसगडच्या स्वयंपाकघरात ही स्पर्धा कडक आहे. इथे भात मुख्य. रात्रीचा उरलेला भात पाण्यात भिजवून सकाळी खाण्याची बासी ही तर रोजची न्याहारी. २०२२ मध्ये १ मे या कामगार दिनी राज्य सरकारने बोरे-बासी खाण्याचे आवाहन केले, तेव्हापासून ती शहरी घरांतही चर्चेत आली. उन्हाळ्यात पोटाला थंडावा देणारा हा उत्तम पदार्थ आहे, तो बंद करण्याचे कारण नाही. पण रात्रभर उघड्या भांड्यात ठेवलेल्या बासीत झुरळाला हवे ते सगळे एकत्र मिळते: पिष्ट, पाणी आणि आंबल्याचा वास. नुसती ताटली झाकून भागत नाही, कारण लहान झुरळाला अगदी बारीक फट पुरते. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा किंवा फ्रिज हेच खात्रीचे. गुळाची ढेप, गावाकडून आणलेली वाळकी मोहाची फुले, पोह्यांची आणि साखरेची पिशवी यांनाही तोच नियम.

काही जागा मात्र चटकन लक्षात येत नाहीत. गाळणीतला चहाचा चोथा दूध आणि साखरेने भरलेला असतो आणि तो बहुधा रात्रभर सिंकमध्ये पडून राहतो. गॅसच्या शेगडीखाली दुधाचा उतू गेलेला थर, मिक्सरच्या बुडाखाली चटणीचे शिंतोडे, साखरेच्या डब्याच्या झाकणाची खाच, मुलांच्या दप्तरातला डबा, ही सगळी झुरळांची जेवणाची ठिकाणे आहेत. मराठी घरांत देवघराकडेही बघावे. नैवेद्याची वाटी, पंचामृताचे थेंब, खडीसाखर आणि साखरफुटाणे देवापुढे रात्रभर राहतात. नैवेद्य दाखवून झाल्यावर तो उचलून देवघर पुसून घेतले तर पूजेला बाध येत नाही.

अन्नापेक्षाही पाण्याची कोंडी महत्त्वाची आहे. पाणी मिळत राहिले तर लहान झुरळाची मादी अन्नावाचून महिनाभर किंवा त्याहून अधिक काळ जगू शकते. पाणी तोडले तर सुके अन्न मुबलक असूनही साधारण दोन आठवड्यांच्या आसपास तिचा शेवट होतो. रायपूरच्या उन्हाळ्यात घरोघरी पाझरणारा माठ आणि डेझर्ट कूलरची टाकी असते. माठाखालची ताटली रात्री रिकामी करावी, कूलरची टाकी दर आठवड्याला उपसून कोरडी करावी. फ्रिजच्या मागचा पाण्याचा ट्रे, गळका नळ, ओली फडकी आणि सिंकखालचा पाइपचा जोड यांच्याकडे झोपण्यापूर्वी एकदा नजर टाकावी. ओटा आणि सिंक कोरडे पुसून झोपण्याची सवय एकट्या फवारणीपेक्षा जास्त काम करते.

हे झाल्यावर जेल लावायचे. मोठा गोळा एका जागी लावणे ही सर्वसाधारण चूक आहे. मुगाच्या दाण्याएवढे पुष्कळ ठिपके, लपण्याच्या जागांच्या अगदी जवळ लावावेत: बिजागऱ्यांच्या मागे, ट्रॉलीच्या पट्ट्यांच्या टोकाला, ओट्याखालच्या कोपऱ्यात, फ्रिजच्या मोटरीच्या बाजूला, दाराच्या चौकटीच्या फटीत. लहान झुरळ दूर जात नसल्याने ठिपका त्याच्या वाटेत यायला हवा. काळ्या बारीक ठिपक्यांसारखी विष्ठा जिथे दिसते तिथे जेल हमखास लागू पडते. जेल सुकून कडक झाले की ते खरवडून नवीन लावावे. हायड्रामेथिलनॉन किंवा इंडॉक्साकार्ब यांसारखे काही तासांनी किंवा दिवसांनी मारणारे विष जास्त उपयोगी ठरते. झुरळ फटीत परतून मरते, त्याची विष्ठा आणि शरीर इतर झुरळे खातात आणि विष आमिषापर्यंत न आलेल्या पिल्लांपर्यंत पोचते. १९९१ मध्ये सिल्व्हरमनच्याच गटाने विष्ठेतून असे विष पसरत असल्याचे दाखवले होते. म्हणून पहिल्या आठवड्यात फटीतली मेलेली झुरळे शोधून झाडण्याची घाई करू नये. मोकळ्या फरशीवर पडलेली मात्र उचलावीत.

जेलवर किंवा त्याच्या आसपास फवारा मारू नये. पायरेथ्रॉइड गटातल्या फवाऱ्यांनी आणि लक्ष्मणरेषेसारख्या खडूंनी झुरळे बिथरून दुसऱ्या फटीत जातात आणि विषाचा वास बसलेले जेल खात नाहीत. एकदम धूर सोडणारे डबे तर टाळावेतच. नॉर्थ कॅरोलायनातील घरांत झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे डबे फोडूनही झुरळे कमी झाली नाहीत. उलट ओट्यावर आणि फरशीवर कीटकनाशकाचा अंश वाढला. त्याच अभ्यासात जेल लावलेल्या घरांत झुरळे स्पष्टपणे घटली.

बोरिक पावडरच्या गोळ्या हा घरोघरी चालत आलेला उपाय आहे. गव्हाचे पीठ, साखर, दूध आणि बोरिक पावडर मळून गोळ्या करतात. कल्पना चांगली आहे, कारण बोरिक ॲसिड पोटात गेल्यावर हळूहळू मारते आणि झुरळाला त्याचा संशय येत नाही. बिघडते ते प्रमाण. निम्मी बोरिक पावडर घातली की गोळी झुरळाला नकोशी होते. कोबी शाल यांच्या प्रयोगशाळेतच २००४ मध्ये साखरेच्या पाण्यात अर्धा ते दोन टक्के बोरिक ॲसिड मिसळून केलेले प्रयोग लहान झुरळांवर परिणामकारक ठरले होते. त्या हिशेबाने १०० मिलि पाण्यात १ ग्रॅम बोरिक ॲसिड आणि १५ ते २० ग्रॅम साखर पुरते. कापसाचा बोळा त्यात भिजवून, झाकणाला बारीक भोक पाडलेल्या छोट्या बाटलीत ठेवावा. उन्हाळ्यात, पाण्याची कोंडी केलेल्या घरात हे पाणी चांगले चालते, कारण तहानलेले झुरळ आधी पाण्याकडेच जाते. गोळ्याच करायच्या असतील तर बोरिकचे प्रमाण थोडे ठेवावे आणि साखरेबरोबर दाण्याचे कूट किंवा दुधाची पावडर घालावी. जिथे भात आणि साखर मुबलक आहे तिथे प्रथिनांची भूक झुरळाला या गोळीकडे आणू शकते. साखर म्हणजे सुक्रोज. ती फुटली की ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात. गोळ्या अजिबात खाल्ल्या जात नसतील तर ग्लुकोजच्या नावडीची शंका घ्यायला जागा आहे, आणि अशा घरात विकतचे वेगळे जेल हाच योग्य पर्याय.

झुरळे कमी झाली की नाही हे अंदाजाने न ठरवता मोजावे. रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत पिकलेल्या केळ्याचा किंवा पावाचा तुकडा ठेवावा, आतल्या काठाला व्हॅसलिनचा पातळ थर लावावा आणि बाहेरून कागद चिकटवावा म्हणजे झुरळांना चढता येते. आत पडलेले झुरळ बाहेर येऊ शकत नाही. अशा दोन-तीन बरण्या आठवड्यातून एका रात्री त्याच जागी ठेवून सकाळी मोजणी करून लिहावी. आकडा दोन आठवड्यांत उतरायला लागला तर उपाय बरोबर आहे. तसाच राहिला तर जेल किंवा जागा बदलावी. पकडलेल्यांत पिल्ले दिसत असतील तर घरात वाढ अजून चालू आहे. सगळ्या बरण्या सलग काही आठवडे रिकाम्या राहिल्या तरी महिन्यातून एकदा तपासणी सुरू ठेवावी, कारण एखादी अंड्यांची डबी घेतलेली मादी सामानाच्या खोक्यातून पुन्हा येऊ शकते. किराण्याचे पुठ्ठ्याचे खोके घरात न साठवणे हा त्यावरचा सोपा बंदोबस्त.

मोठ्या झुरळांसाठी जेलपेक्षा वाट बंद करणे उपयोगी. जूनमध्ये पाऊस सुरू होण्याआधी मोरी, न्हाणीघर आणि संडासाच्या जाळ्या बारीक भोकांच्या बसवाव्यात, चेंबरची झाकणे सिमेंटने घट्ट करावीत, पाइप भिंतीत शिरतो तिथली फट बुजवावी. न वापरल्या जाणाऱ्या मोरीत रोज थोडे पाणी ओतावे, नाहीतर ट्रॅपमधले पाणी आटून गटाराचा रस्ता उघडा राहतो.

कारखान्यांच्या कँटीन आणि ढाब्यांसाठी हे केवळ स्वच्छतेचे प्रकरण नाही. अन्न सुरक्षा व मानके (परवाना व नोंदणी) विनियम, २०११ च्या अनुसूची ४ मध्ये कीडनियंत्रण ही परवानाधारकाची जबाबदारी ठरवली आहे. कोणते विष, कधी, कुठे लावले याची वही ठेवली तर तपासणीत उत्तर देता येते आणि विष बदलण्याची वेळही कळते. अन्न ठेवण्याच्या आणि कापण्याच्या पृष्ठभागावर जेल लावू नये. झुरळांच्या विष्ठेतून आणि गळलेल्या कातीतून हवेत मिसळणारे कण दम्याचा त्रास वाढवतात. १९९७ मध्ये अमेरिकेतील शहरी मुलांवरील मोठ्या अभ्यासात, झुरळांच्या कणांची ॲलर्जी असलेली आणि घरात ते कण जास्त असलेली मुले दम्यासाठी जास्त वेळा रुग्णालयात दाखल झाल्याचे आढळले होते.

विषाचा डबा घेताना त्यावरचा नोंदणी क्रमांक आणि रंगीत त्रिकोण पाहावा. लाल त्रिकोण म्हणजे अतिशय विषारी, त्यानंतर पिवळा, निळा आणि हिरवा. बाजारात सुटी मिळणारी, नाव नसलेली पावडर घेऊ नये. बोरिक पावडर दिसायला मीठ-मैद्यासारखी असते, म्हणून ती स्वयंपाकघरात ठेवूच नये आणि गोळ्या लहान मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशाच जागी ठेवाव्यात. मुलाने आमिष खाल्ल्याची शंका आली तर घरगुती उपाय करत न बसता, त्या पदार्थाची डबी बरोबर घेऊन ताबडतोब एम्स रायपूर किंवा मेकाहारा रुग्णालय गाठावे.

एका भिंतीला लागून असलेल्या खोल्यांत एकाच बिऱ्हाडाने केलेला उपाय टिकत नाही. पाइप, वायरिंगची नळी आणि सामाईक गटार यांतून झुरळे शेजारच्या खोलीतून परत येतात. भनपुरीतील चाळवजा वस्त्यांत राहणाऱ्या कुटुंबांनी आणि घरमालकांनी मे महिन्याच्या शेवटी एक आठवडा ठरवून, सगळ्या खोल्यांत एकाच वेळी जेल लावावे, त्याच आठवड्यात गटारांच्या जाळ्या बदलाव्यात आणि महिन्याभराने सगळ्यांच्या बरण्यांमधली मोजणी एकत्र करून पाहावी.